परक्या माणसांसाठी खाटा

१ जून २०२३, गुरुवार. सकाळी.

नवी डायरी, नवं पान. आजपासून मी नोकर नाही, मालक आहे. वाळूजच्या कंपनीत स्टोअर्समध्ये उमेदीची वर्षं घातली आणि काल राजीनामा साहेबांच्या टेबलावर आपटला. अख्ख्या शिफ्टकडून कंपनीनंच राजीनामे मागवले होते ही गोष्ट वेगळी. आपटला फक्त मी. बाकीच्यांनी नुसते ठेवले.

योजना तयार आहे. आपलं शहर म्हणजे महाराष्ट्राची पर्यटन राजधानी. सरकारनं जाहीर केलंय, मी नाही. अजिंठा-वेरूळ बघायला जगभरातून पोरं पाठीवर बोचकी घेऊन येतात आणि त्यांना स्वस्तात पाठ टेकायला जागा नाही. सिडकोतल्या आपल्या घराचा खालचा मजला रिकामा पडलाय. तिथं बंक बेड टाकायचे. बॅकपॅकर्स हॉस्टेल! शहरात असं कोणी काढलेलं नाही. एक-दोन आहेत असं ही म्हणते. असतील, पण त्यांच्याकडे माझी दृष्टी नाही.

ही म्हणजे माझी बायको. शाळेत शिकवते. त्यामुळे समोरच्याला काही येत नसणार असं धरूनच बोलते.

४ जून, रविवार. पिशोर.

दादाची परवानगी घ्यायला गावी आलो. परवानगी नव्हे, कल्पना द्यायला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, आप्पासाहेब. शेती, अद्रकाचा व्यापार, वर कृषी सेवा केंद्र. घर वडिलांनी दोघांच्या नावावर केलं, पण त्यात खिळा ठोकायचा तरी दादाला विचारावं लागतं.

त्याला राजधानीचा मुद्दा सविस्तर समजावला. तो खताच्या गोण्यांवर रेलून ऐकत होता. म्हणाला, बद्र्या, तुघलकानं बी तिथंच राजधानी आणली व्हती. आन परत घिऊन गेला.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मला पाच महिने दे, खाटा भरून दाखवतो. तो म्हणाला, दिले. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी येऊन बघीन. तुझ्या खाटांवर परका माणूस झोपलेला दिसला तर मजला तुझा, मी तोंड उघडणार नाय. नाय दिसला तर मजला लॅबवाल्या डॉक्टरला भाड्यानं, आन तू इथं येऊन दुकानात बसायचं.

मंजूर म्हणून सांगितलं. चारचौघांत, मोठ्या आवाजात. मी दादाच्या हाताखाली युरियाच्या पावत्या फाडायला जन्मलो नाही. पिशोरला परत जायचं नाही म्हणजे नाही.

२० जून, मंगळवार.

खाटा आल्या. पाच जोड्या, खाली एक, वर एक. वेल्डिंगवाल्यानं शिडी जरा अरुंद केलीय. परदेशी लोक सडपातळ असतात, चालेल.

नाव ठेवलं ‘कॅपिटल बॅकपॅकर्स’. पाटीवर शहराचं नाव घालायचं का, असं पेंटरनं विचारलं. मी म्हटलं, नको. तो म्हणाला, शहाणे आहात.

वेबसाइटवर फोटो टाकले. चोवीस तास गरम शॉवर असं लिहिलं. हिनं विचारलं, नळाला पाणी आठवड्यानं येतं, शॉवर चोवीस तास कुठून येणार? मी म्हटलं, शॉवर चोवीस तास आहेच, भिंतीवर पक्का बसवलाय. पाण्याबद्दल मी काही लिहिलेलं नाही.

इंग्रजी सुधारायचं ठरवलं. रोज सकाळी अर्धा तास. उद्यापासून.

२ जुलै, रविवार.

उद्घाटन! असं उद्घाटन सिडकोनं पाहिलं नसेल.

गावाला दाखवायचंच होतं. बाजाराच्या दिवशी पिशोरला जाऊन मी स्वतः घरोघर पत्रिका दिल्या. रीतसर, कुंकू लावून. खाली मजकूर माझा: आपल्या हक्काचं ठिकाण, सहकुटुंब सहपरिवार यावे. ही म्हणाली, हॉस्टेल परक्यांसाठी आणि पत्रिका गावाला? मी म्हटलं, बिझनेसमध्ये याला माउथ पब्लिसिटी म्हणतात. चुलती मनकर्णाकाकू म्हणाली, चातुर्मास लागला, आता कसलं उद्घाटन? मी म्हटलं, काकू, परदेशी लोकांना चातुर्मास नसतो.

दोन टेम्पो भरून माणसं आली. वांग्याची भाजी, पुरी, बुंदी. पंगती दुपारपर्यंत उठत होत्या. प्रत्येकानं प्रत्येक गादी दाबून पाहिली. सांडूतात्या तर एका खाटेवर आडवे होऊन घोरायलाच लागले. ते गावातले सगळ्यात वयस्क, त्यामुळे कोणी उठवलं नाही.

जाताना सगळे एकच विचारत होते, कवा बी आलं तर चालंल ना? मी छातीवर हात ठेवून म्हटलं, कधीही या. हक्काचं ठिकाण आहे.

दादा आला नाही. जळला असणार.

९ जुलै, रविवार.

अजून कोणी नाही. पावसाळा आहे. मार्केट स्टडी करतोय.

मनकर्णाकाकू उद्घाटनाला आली ती परत गेलेली नाही. म्हणते, तुझ्या बायकोला शाळा, मंग पाव्हण्यांना भाकरी कोण घालंल? कॉमन किचन ही कन्सेप्ट तिला समजावली. पाहुणे आपापलं शिजवतात म्हटल्यावर तिनं किचनला आतून कडी लावून घेतली.

१९ जुलै, बुधवार.

पहिलं बुकिंग! असं लिहायला हात शिवशिवत होते. पण सांडूतात्या आले. बांधाच्या भांडणाची तारीख आहे कोर्टात. सोबत दोन पुतणे, एक वकिलाला द्यायचं तुपाचं भांडं.

आता प्रश्न असा की तात्या मोठे. त्यांच्या डोक्याच्या वर कोणी झोपायचं नाही असं पुतण्यांचं म्हणणं. मग तात्यांनाच वरच्या खाटेवर चढवलं. एकानं ओढलं, दुसऱ्यानं ढकललं. मी शिडी धरली. वर पोचल्यावर तात्या म्हणाले, निजामावरल्या पोलीस ॲक्शनच्या वक्ताला आमी ह्याच्याहून अवघड जागी झोपलो व्हतो.

सकाळी त्यांना उतरवता येईना. तारीख पुढं गेली.

ते आहेतच.

६ ऑगस्ट, रविवार.

परिस्थिती पूर्ण नियंत्रणात आहे. खाटा भरल्या आहेत.

कोर्टाची माणसं, दवाखान्याची माणसं, पोराच्या ॲडमिशनची माणसं, एक जण गुलमंडीवर लग्नाचा बस्ता बांधायला आलेला. कोणाला पोट दाखवायचंय, कोणाला सातबारा. सगळे पिशोरचे. कालचा एक देवगाव रंगारीचा होता. मला आशा वाटली, पण तो सांडूतात्यांचा व्याही निघाला.

पैशाचं कोणाकडे बोलायचं? जो येतो तो हातात काहीतरी घेऊनच येतो. लसूण, भुईमुगाच्या शेंगा, मक्याची कणसं. वरच्या खाटांवर कोणी झोपत नाही, म्हणून सध्या तिथं अद्रक वाळतंय.

ही म्हणाली, पत्रिका कोणी वाटल्या होत्या? या बाईला मागचं उकरायची सवय आहे. शिक्षकांचं असंच असतं.

२४ ऑगस्ट, गुरुवार.

बस्स. माणूस चांगला असला म्हणून त्याचा अंत पाहायचा नसतो. आज नियम केला. दारावर ठळक पाटी लावली: आजपासून फक्त शहराबाहेरच्या, ऑनलाइन बुकिंग केलेल्या प्रवाशांना प्रवेश. इंग्रजीत लिहिली, म्हणजे गावातल्या कोणाचा अपमान होणार नाही.

संध्याकाळी. पाटीच्या खिळ्याला काकूनं मेथी वाळत घातलीय. खिळा मजबूत आहे.

५ सप्टेंबर, मंगळवार.

कडूबा आला. आमच्या बांधाला ज्याची मेंढरं बसतात तो. सोबत बायको, दगडाबाई. तिनं पदर तोंडावर धरला होता. तोंडात गाठ आहे. इथं मोठ्या दवाखान्यात नाव घातलंय. आधी तपासण्या, मग दात काढायचे, मग बरेच दिवस रोज मशीनखाली झोपून शेक घ्यायचा. मेंढरं भावाच्या, केरबाच्या, हवाली करून आलाय.

मी त्याला स्पष्ट सांगितलं. म्हटलं, कडूबा, हे हॉस्टेल आहे, इथं बुकिंग लागतं, माझी दादाशी पैज आहे. तो म्हणाला, व्हय बद्रीभाऊ, आमी काय लई दिवस नाय. अन दाराबाहेरच बसला. दोघंही बसली, गाठोडी मांडीवर घेऊन.

खाली कोपऱ्यातली खाट दिली. तात्पुरती. लोखंडी गोल जिना चढून वर आमच्याकडे तिला येता येत नाही, म्हणून. यात भावनेचा काही संबंध नाही. जिन्याचा आहे.

११ सप्टेंबर, सोमवार. रात्री जेवणानंतर.

आली! आली! आली!

परदेशी! ऑनलाइन बुकिंग! नाव हाना, देश चेक. पोळा जवळ आला म्हणून गावकरी सगळे बैलांकडे पळालेत. खाली फक्त काकू आणि कडूबा-दगडाबाई. देव पाठीशी असला की असं होतं.

मी दारात उभा राहून वेलकम टू द कॅपिटल म्हटलं. ती म्हणाली, दिल्लीहूनच आलेय. मी म्हटलं, ती पॉलिटिकल. ही टुरिझमची.

उद्या मी स्वतः तिला वेरूळ दाखवणार. गुगल बिगल काही नको, माझा जन्म इथला आहे.

१२ सप्टेंबर, मंगळवार.

वेरूळ मंगळवारी बंद असतं. अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी. हे सगळ्या जगाला माहीत असतं असं ही म्हणाली. तिला सकाळी माहीत होतं. मग सकाळी का नाही बोलली? म्हणे, तुम्ही विचारलं नाही.

हानाला मी सांगितलं की खरा प्रवासी लेणी बाहेरून बघतो. ती गेटसमोरच्या फोटोत हसली. परत येताना गुलमंडीवर नेलं. काकूनं खण आणायला सांगितला होता. कशाला, ते विचारलं नाही.

१४ सप्टेंबर, गुरुवार. पोळा.

खोटं कशाला लिहू, आजचा दिवस हातातून गेला.

सकाळी काकूनं मातीचे बैल केले आणि हानाच्या हातानं त्यांची पूजा करवली. दगडाबाईनं तिच्या केसांना तेल लावून वेणी घातली. दगडाबाईला बोलायला त्रास होतो आणि हानाला मराठी येत नाही, त्यामुळे दोघींचं चांगलं जमलं. पुरणपोळ्या झाल्या. हानानं बोटं चाटून खाल्ल्या.

निघताना तिनं पर्स काढली. मी हात पुढं केला. मालकानं लाजायचं नसतं. काकू आडवी आली. म्हणाली, पोरगी माहेराला आल्यावानी राहिली, आन तिच्याकून पैसे घेतो व्हय रं? तुझ्या बापानं या घरात कुनाच्या घोटभर पान्याचे तरी पैसे घेतले व्हते का? मी इंग्रजीत हानाला म्हटलं की लक्ष देऊ नका, द्या. काकूनं इंग्रजी न येता ते ओळखलं. माझ्या पुढं केलेल्या हातात तिनं पुरणाचं ताट दिलं आणि हानाची खणा-नारळानं ओटी भरली. हाना रडली. दगडाबाई रडली. कडूबाही रडला, त्याचा तर काही संबंध नव्हता.

१६ सप्टेंबर, शनिवार.

हानानं रिव्ह्यू लिहिला. पाच तारे! पाचपैकी पाच! खाली इंग्रजीत लिहिलंय की फार प्रेमळ कुटुंब, तीन दिवस त्यांच्याकडे राहिले, फक्त बुक केलेलं हॉस्टेल शेवटपर्यंत सापडलं नाही.

तारे महत्त्वाचे. मजकूर कोण वाचतं?

२ ऑक्टोबर, सोमवार.

गाव परत भरलं. सांडूतात्यांना पुढची तारीख. या वेळी पुतणे तीन.

दगडाबाईचा शेक सुरू झाला. रोज सकाळी कडूबा तिला रिक्षानं नेतो आणि दुपारी आणतो. ती आली की भिंतीकडे तोंड करून झोपते. काकू तिच्यासाठी पेज करते. माझ्या कॉमन किचनमध्ये.

दादाचा फोन आला. म्हणाला, काय बद्र्या, दुकानात तुझ्यासाठी पंखा बसवू का? मी फोन कट केला. नंतर नेटवर्क गेलं होतं असा मेसेज पाठवला, पण कट मीच केला होता. इथं नोंद असावी.

१० ऑक्टोबर, मंगळवार.

म्हणून मी म्हणत होतो.

बंगळूरच्या सायकलवाल्यांचा ग्रुप. शनिवार, अठ्ठावीस तारीख. कोजागरी! दहा जण, दहा खाटा, पूर्ण डॉर्म त्यांनी बुक केलाय. रविवारी सकाळी दादा दार उघडून बघणार आणि त्याला दिसणार काय, तर परकी माणसं. मराठी न येणारी, हेल्मेटवाली. ज्यांचा पिशोरशी सात पिढ्यांत संबंध नाही अशी.

दादाला फोन करून सांगितलं की रविवारी लवकर ये, मी सगळं दाखवतो. हिला सांगितलं. ही म्हणाली, आणि दगडाबाई? मी म्हटलं, प्रत्येक गोष्टीत नकार शोधायचा नसतो.

२२ ऑक्टोबर, रविवार.

कठोर झालो. सगळ्यांना खाली गोळा केलं आणि खुर्चीवर उभं राहून सांगितलं: शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मजला रिकामा पाहिजे. फक्त दोन दिवस. माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे.

मला वाटलं, भांडणं होतील. मी तयारीत होतो, मुद्देही काढले होते. पण सांडूतात्या म्हणाले, आरं, तुझं चांगलं व्हत आसंल तर आमी ष्टँडवर झोपू. इतक्या दिवसांत बोलला का नाय? पुतण्यांनी वाळलेलं अद्रक उतरवायलाही सुरुवात केली. कडूबा म्हणाला, शनवार-रईवार शेक नसतोच बद्रीभाऊ. आमी गावाला जाऊन येऊ.

इतकं सोपं होतं. माणसानं स्पष्ट बोलावं, हाच धडा. उगाच चार महिने वाया घालवले.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार. संध्याकाळी.

सगळे गेले. काकूनं फरशी पुसली. नव्या चादरी घातल्या. खाटा ओळीनं, कोऱ्या. डोळे भरून बघितलं. याच्यासाठी तर सगळं चाललं होतं.

कडूबा-दगडाबाई तेवढी उद्या सकाळच्या गाडीनं जाणार. दगडाबाईला आज शेकानंतर ताप आहे. किरकोळ.

२८ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी दहा.

कडूबा तयार होऊन पायरीवर बसलाय. दगडाबाई शेजारी, गाठोडं घेऊन. तिच्या तोंडातून आत काही जात नाही. पाणीसुद्धा ओठांच्या कडेनं परत येतं. मी रिक्षा बोलावली. ती उठायला गेली आणि परत बसली. मग हातानंच म्हणाली, जाते, जाते.

कन्नडपर्यंतचे खड्डे, त्यापुढचा रस्ता. मला तो रस्ता माहीत आहे.

रिक्षावाल्याला परत पाठवलं. मीटर सुरू करून बसला होता, मला असली माणसं आवडत नाहीत. कडूबाला म्हटलं, दुपारच्या गाडीनं जा, उन्हात गर्दी कमी असते. त्यानं गाठोडं आत ठेवलं.

प्लॅनमध्ये काही फरक नाही. सायकलवाले पाचला येणार. तोपर्यंत काहीतरी होईल. ही शाळेतून लवकर आली आणि आल्या आल्या दगडाबाईच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायला बसली. नव्या चादरीवर पाणी सांडलं. मी बादली जवळ सरकवली.

२८ ऑक्टोबर. संध्याकाळी सात.

शांतपणे लिहितो.

सायकलवाले आले. चांगली पोरं. दारातच त्यांनी कोपऱ्यातली खाट पाहिली. त्यांचा कॅप्टन मला बाजूला घेऊन अगदी नम्रपणे बोलला की सर, आम्ही पूर्ण डॉर्म बुक केलाय, कबूल आहे ना? मी म्हटलं, कबूल. तो म्हणाला, मग पेशंटला एका रात्रीसाठी दुसरीकडे शिफ्ट करता येईल का?

त्याचं बरोबर होतं. शब्दन् शब्द बरोबर होता. माझी वेबसाइटही तेच म्हणते. मी तोंड उघडलं ते होय म्हणायलाच. देवाशपथ.

आणि मी ओरडलो. इतक्या दिवसांत शिकलेलं सगळं इंग्रजी एकदम बाहेर पडलं. म्हटलं, धिस इज नॉट पेशंट. धिस इज अवर दगडाबाई. यू शिफ्ट.

नंतर मी कोपऱ्यावरच्या लॉजवर फोन करून त्यांची सोय केली. कॅप्टनचा चेहरा पडला होता, वाईट वाटलं. पण विचार केला तर जे झालं ते बिझनेसच्या दृष्टीनं योग्यच होतं. सायकली आत आणल्या असत्या तर फरशीवर ओरखडे आले असते. शिवाय असल्या ग्रुपना पाणी फार लागतं.

कडूबा भिंतीशी उभा होता. म्हणाला, बद्रीभाऊ, आमच्यापायी तुमचं... मी त्याच्यावरही ओरडलो. म्हटलं, तुझ्यापायी काही नाही, माझा स्वभावच असा आहे.

काकूनं दूध आटवलंय. मला नको म्हटलं. मग घेतलं.

२९ ऑक्टोबर, रविवार.

दादा आला. लवकर ये असं मीच सांगितलं होतं, म्हणून सकाळी सातला.

त्यानं दार उघडलं. नऊ खाटा कोऱ्या. दहावीवर दगडाबाई, आणि कडूबा वाटीतल्या पेजेवर फुंकर घालत बसलेला. दादा दारातच उभा राहिला. म्हणाला, ह्यो तर आपला कडूबा. परका कुठाय?

मी म्हटलं, आले होते. दहा होते. मीच हाकलले. तो हसला नाही. हसला असता तर मला भांडता आलं असतं. त्यानं काकूकडे बघितलं, काकूनं मान हलवली. मग चपला काढून आत गेला, दगडाबाईच्या पायथ्याशी टेकला आणि मेंढरांची चौकशी केली. अर्धा तास मेंढरं.

बाहेर आल्यावर म्हणाला, लॅबवाला एक तारखेला सामान आणतोय.

मी म्हटलं, आणू देणार नाही. दगडाबाईचा शेक संपेपर्यंत या मजल्यावर कोणी पाऊल ठेवायचं नाही. तो म्हणाला, शर्त कुनी मंजूर केली व्हती? चारचौघांत? मी म्हटलं, मी केली. तो म्हणाला, मग मोडायची म्हन की. मी म्हटलं, मी शब्द मोडत नाही. तू दुकानात बसायला माणूस मागितला होतास, तो घे. मजल्याचं मात्र थांबव.

हे माझ्या तोंडून कसं निघालं ते कळलं नाही. मुद्दे काढलेले नव्हते.

दादानं माझ्यासमोरच डॉक्टरला फोन लावला आणि नव्या वर्षात बघू म्हणाला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी झटकला. जरा उशिरा झटकला, पण झटकला.

ही वरून जिन्यात उभी राहून सगळं ऐकत होती. रात्री माझ्या ताटात तिनं स्वतःहून दुसऱ्यांदा भाजी वाढली. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं.

५ नोव्हेंबर, रविवार. सकाळी, बसमध्ये.

हलत्या गाडीत लिहितोय, अक्षर खराब येईल.

किल्ल्या हिच्याकडे दिल्या. वेबसाइट बंद केलेली नाही, सध्या रूम्स उपलब्ध नाहीत असं टाकलंय. ते खरंच आहे. काल सांडूतात्या परत आले, तारीख आहे. निघताना कडूबा मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आला. दगडाबाईचे अजून बरेच शेक राहिलेत. ती दाराशी येऊन उभी होती, तिला उभं राहता येतंय हे बघून बरं वाटलं. ही डायरी माझीच आहे, इथं लिहायला हरकत नाही.

वाटाघाटीत जिंकलो मीच, हे मात्र नोंदवून ठेवतो. दादाला दोन गोष्टी हव्या होत्या, मजला आणि मी. मी त्याला एकच दिली.

पिशोरला परत जायचं नाही, या मतावर मी आजही ठाम आहे. गाडीला गर्दी नव्हती. खिडकी मिळाली.